वर काय लिवलंय

सोमवारी सकाळी तुझ्या सुनेचा, सुनीताचा फोन आला, आक्का. मिरजेच्या दवाखान्यात तू गेलीस, कायमची. चार वाजता माती होती. मी पलूसहून निघाले आणि साडेपाचला पोहोचले.

उशीर का झाला ते मी तिथं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. एसटी वेळेवर होती. मी स्टँडवर बसून दोन गाड्या सोडल्या. तू नसताना तुझ्या वस्तीवर कोणत्या तोंडाने जायचं ते कळत नव्हतं. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरने खाली वाकून विचारलं, "बाई, यायचंय का नुसती गाडी बघताय?" मग चढले.

हे मी आपल्या चित्रपट महोत्सवाच्या पुस्तिकेसाठी लिहिते आहे. मंडळातल्या लोकांनी सांगितलं, बायडाक्कांवर दोन पानं लिहा, तुमची मैत्रीण होती. तुझं माहेर कुठलं, लग्न कितव्या वर्षी झालं, मेंढरं किती होती, हे कुणीही लिहील. मला जे लिहायचं आहे ते फक्त मलाच लिहिता येईल. ते दोन वर्षांपूर्वी तुला सांगायला हवं होतं.

तू माझ्या वाचनालयात पहिल्यांदा आलीस ती पुस्तकासाठी नाही, प्लगसाठी. चैत्रातली दुपार होती. मागच्या ऊस तुटलेल्या रानात तुझ्या मुलाने मेंढरं बसवली होती आणि तू गुडघे दुखत असतानाही आटपाडीकडून एसटीने त्यांच्याकडे राहायला आली होतीस. चपला दाराबाहेर काढल्यास, पदर सारखा केलास आणि मोबाईल पुढे धरून म्हणालीस, "आवं बाई, ह्येला हितं जरा दम खाऊ द्याल का?"

मी खिडकीजवळचा प्लग दाखवला. खुर्ची दिली तर बसली नाहीस. कपाटाला पाठ लावून फरशीवर बसलीस आणि वर बघत म्हणालीस, "एवढी समदी वाचलीसा?"

"निम्मी वाचली असतील."

"मग ऱ्हायलेल्या निम्म्यात काय हाय, कसं कळतंय तुमाला?"

बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हसले. तूही हसलीस. दिवसाआड येऊ लागलीस. आठ दिवसांत तू मला अगं-तुगं करायला लागलीस आणि मी तुला आक्का. तो फोन मुलाचा जुना, बॅटरी फुगलेली, अर्ध्या दिवसात मान टाकायचा. पण मला वाटतं तू पंख्याखाली बसायलाही येत होतीस, आणि पेपरातल्या बातम्या मी वाचून दाखवाव्यात म्हणूनही. मंत्र्यांच्या बातम्या तुला नको असायच्या. "ते न्हाई गं. कुणाची म्हस हरवली, कुणाचं काय, ते वाच."

चौथ्या की पाचव्या खेपेला तू मला फोनवर एक लांडगी दाखवलीस. फोन माझ्या हातात दिला नाहीस, स्वतःच धरलास. पहाट नुकती सरलेली, पिवळं वाळलेलं गवत, खडकाखालचं एक बीळ. त्यातून ती बाहेर आली, पुढचे पाय ताणून आळस दिला आणि मागोमाग चार पिल्लं एकमेकांवर पडत बाहेर आली. चित्र जराही हललेलं नव्हतं. तुझा श्वास ऐकू येत होता आणि तुझं कुजबुजणं. "आली बया. आली बघ. किती वाळलीया गं."

आदल्या हिवाळ्यात गुडघ्यांमुळे तू मेंढरांमागे गेली नव्हतीस. दोन शेळ्या घेऊन रोज सकाळी त्या माळावर बोरीच्या झुडपाआड बसायचीस. ती तुला ओळखायला लागली होती. त्याच हिवाळ्यात तिने तुझं घरी ठेवलेलं एक कोकरू नेलं होतं. मी विचारलं, राग आला नाही? तू म्हणालीस, "आला की. पन तिच्या दारात भांडाय जाऊ व्हय? तिची चार जगली, माझं एक गेलं. आन् हिला मारली तर दुसरी येनारच. त्या नव्या बयाला आमची कुत्री ठाव नसत्यात. ही निदान वळकीची हाय."

लांडग्यांवर मी पुस्तकं वाचली होती. त्यांत हे एवढ्या सरळ कुठं लिहिलेलं नव्हतं.

आपला महोत्सव तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याची कल्पना मी कोकणातून आणली होती. तिथल्या एका किनाऱ्यावरच्या गावात मावसबहिणीबरोबर गेले होते. शाळेच्या पटांगणात पडदा लावून गावातल्याच लोकांनी काढलेले चित्रपट दाखवत होते, कासवांचे, समुद्रपक्ष्यांचे. कोळी बायका पुढे बसून आपल्याच नवऱ्यांना पडद्यावर बघून हसत होत्या. त्या गावाचं नाव चित्रपटांमुळे लांब गेलं होतं. लोक कासवं बघायला येत, गावातच राहत, आणि त्यामुळे गावाने अंडी चोरणं बंद केलं होतं. मी परत येऊन मिरजेच्या रफीकभाईंना सांगितलं. ते तंबोरे करतात, कान तयार आहे. म्हणाले, समुद्र नसला तर नसू दे, नदी आहे, माळ आहे. महोत्सवाचा आवाज ते सांभाळू लागले आणि मोबाईलवरचे तुकडे जोडायलाही शिकले. पहिल्या वर्षी आम्ही कृष्णेतल्या मगरीवर चित्रपट केला. मगर त्यात दोनदा दिसते, बाकी सगळे तिच्याबद्दल बोलतात.

तुझ्या फोनमधल्या तुकड्यांचा चित्रपट आम्ही रफीकभाईंच्या कारखान्यात जोडला. छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि तू मधोमध मांडी घालून. "एवढ्या भोपळ्यांची भाजी कोन खातंय?" तू विचारलंस. रफीकभाई म्हणाले, "आक्का, ही भाजी गाते." तू एका भोपळ्यावर टिचकी मारून कान लावलास आणि म्हणालीस, "आजून कच्ची हाय."

तुझी अट एकच होती. माळाचं नाव सांगायचं नाही, गावाचं नाही. तुमच्या वस्तीत लांडगी व्याली की तिचं ठिकाण एकमेकांनाही सांगत नाहीत. ज्याला दिसलं तो फक्त "वरल्या अंगाला" एवढंच म्हणतो आणि बाकीचे त्या अंगाला मेंढरं नेत नाहीत. "बाळंतिणीची खोली कुनी चारचौघांत दावतंय व्हय?" तू म्हणालीस.

मी तुला किनाऱ्यावरच्या गावाचं सांगितलं. नाव कळलं की लोक येतात, लोक आले की गाव जपायला लागतं. पुष्कळ वेळ बोलले. तू सगळं ऐकून घेतलंस.

"कासव अंडी घालून समुद्रात जातंय न्हवं?"

"हो."

"ही पोरं सोडून कुठं जानार?"

मी म्हटलं, तसं नसतं आक्का. कसं असतं ते मात्र मला सांगता आलं नाही. वाद तिथंच राहिला. मला वाटलं, मी वाचलेलं आहे, तिने वाचलेलं नाही.

चित्रपटाची पहिली चौकट, नावांची, करायची वेळ आली तेव्हा तू वस्तीवर परतली होतीस. काळ्यावर पांढरी अक्षरं. मी लिहून दिलं: चित्रीकरण, बायडाबाई. खाली दुसरी ओळ, माळाचं नाव आणि गावाचं नाव. तेच मी महोत्सवाच्या पत्रकातही छापलं. ती नावं इथं लिहीत नाही. माझं सगळं आयुष्य नोंदी करण्यात गेलं आहे. लेखक, ठिकाण, वर्ष. ठिकाण नसलेली नोंद मला उघडी वाटते. असं मी स्वतःला समजावलं.

रफीकभाईंनी टंकता टंकता हात थांबवला. "बाई, आक्का नको म्हणाल्या होत्या ना?"

मी म्हणाले, "त्यांना कळणार आहे का?"

पुढे कितीतरी दिवस मी या वाक्याचा सौम्य अर्थ शोधत होते. नोंदीचं महत्त्व तिला कळणार नाही, असं मला म्हणायचं होतं, वगैरे. ते खरं नाही. तुला वाचता येत नाही, म्हणून तुला कळणार नाही, हेच मला म्हणायचं होतं.

मार्गशीर्षात महोत्सव झाला. शाळेचा हॉल भरला होता. तू पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, आणि पलीकडे तुझी सून सुनीता, मांडीवर डब्याची पिशवी घट्ट धरून. दिवे गेले. पहिली चौकट आली. तू माझ्या कानाशी वाकलीस.

"वर काय लिवलंय गं?"

"तुझं नाव आहे, आक्का."

"कुठं?"

मी तुझं बोट धरलं आणि अंधारात वरच्या ओळीवर रोखलं. तू पदर तोंडाला लावलास. "माझं नाव एवढं मोठं व्हय?" खालच्या ओळीबद्दल तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी काहीतरी खोटंच सांगितलं असतं. सुनीता चौथी शिकलेली, तिला वाचता आलं असतं, पण ती तेव्हा तुझ्याकडे बघत होती.

मग लांडगी आली आणि तू सगळं विसरलीस. पडद्यातल्या तुझ्या आवाजाबरोबर तू पुन्हा कुजबुजत होतीस, आली बया, आली बघ. मागचे लोक तुझ्याकडे बघून हसत होते आणि तुला त्याचं काही नव्हतं. त्या अकरा मिनिटांचा आनंद मी तुला दिला, असं मला अजून म्हणावंसं वाटतं. म्हणण्याचा हक्क आहे की नाही, ते माहीत नाही.

शेवटी तुला शाल दिली. उशिरा आलेल्या कुणीतरी माईकवर विचारलं, आजी, हे कुठलं ठिकाण? तू माईक दोन्ही हातांनी धरून म्हणालीस, "हाय आपल्यातच," आणि सगळे हसले. एवढंच बोललीस. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. मला शब्दन्‌शब्द आठवतो.

पौषात सुनीताचा फोन आला. "बाई, माळावर जत्रा भरलीया." मोटारसायकली येत होत्या, एक जीप आली, कुणी बिळावरून उडता कॅमेरा फिरवला. मी म्हटलं, वनखात्याला कळवते. पत्र लिहिलं, नीट लिहिलं, मसुदा दोनदा तपासला. ते पोस्टात टाकायच्या आधीच कुणीतरी बिळाच्या तोंडाशी पालापाचोळा पेटवून वर दगड लावले होते. कुणाची शेळी गेली होती, कुणाला नुसताच हुरूप आला होता, ते कधी कळलं नाही. तू दगड हाताने काढलेस. या खेपेला तिला तीन झाली होती, तिन्ही आतच गेली. लांडगी बाहेर होती. ती परत दिसली नाही.

मी वस्तीवर आले तेव्हा तू ओट्यावर बसली होतीस. नखं तुटलेली होती. मग तू म्हणालीस, "माझ्याच तोंडातनं गेलं आसंल गं. त्या माइकम्होरं लय घाबरल्याली मी." आणि माझ्याकडे बघितलंस. "तू हुतीस की बाजूला. म्या काय बोलली तितं? घेतलं का मी नाव?"

आक्का, तू मला संशयाने विचारत नव्हतीस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. वाचणारी, लक्षात ठेवणारी बाई म्हणून विचारत होतीस.

मी म्हणाले, "असेल, आक्का. आठवत नाही."

हे लिहिताना माझा हात थांबतो आहे. पण लिहिलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते. तुझ्या दिराने देवळासमोर सगळ्यांदेखत म्हटलं, "शालीपायी लांडगी इकली हिनं." बायका तुला येताना बघून बोलणं बदलायच्या. कुणी चिडवायचं, "आता कवा टीव्हीत?" तू कुणालाच उलटून बोलली नाहीस, कारण तुला ते खरं वाटत होतं. शाल सुनीताच्या हाती पिशवीत घालून वाचनालयात परत पाठवलीस. फोनने काही काढणं थांबवलंस.

पण उन्हाळ्यात तू पुन्हा आलीस. त्याच प्लगशी, तोच चार्जर घेऊन. मला वाटत होतं तू येणार नाहीस. तू न येणं मला सोपं गेलं असतं.

एक दिवस पेपर वाचून झाल्यावर तू विचारलंस, "लय येळ लागतो का गं शिकाय?"

"काय?"

"ह्ये. वाचाय."

मी दुसऱ्या दिवशी पाटी आणली. तुझ्या नावापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी बा, दुसऱ्या दिवशी य. तुझा हात दणकट, पेन्सिल मोडायची. तू पाटी लांब धरून बघायचीस, जसा कोकराचा पाय बघायचीस. तिसऱ्या दिवशी तू उठून भिंतीवरच्या फलकासमोर गेलीस आणि एकेक कागदावर बोट ठेवत म्हणालीस, "ह्यात कुठं हाय का बघती माझा बा."

फलकावर महोत्सवाचं पत्रक होतं. त्यात तुझं नाव होतं, आणि खाली दुसरी ओळ.

त्या दिवशी तू रानाकडे परतल्यावर मी ते पत्रक काढलं. टाचण्यासुद्धा काढल्या. आणि पुढच्या खेपेला म्हणाले, सध्या काम आहे आक्का, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्यानंतर तू वस्तीवर होतीस. यंदाच्या उन्हाळ्यात तू पुन्हा आलीस, पण पाटीचा विषय तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. एका बाईला शिकायचं होतं आणि वाचनालय चालवणाऱ्या मी तिला शिकवलं नाही, कारण तिने वाचू नये असं मला वाटत होतं. याहून खाली मी कधी गेले नव्हते. पिल्लांचं मला कळलं नव्हतं असं म्हणता येईल. हे मी कळून केलं.

सोमवारी तुझ्या अंगणात मी बसले तेव्हा सुनीताने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. म्हणाली, "आत्या दवाखान्यात बी तेच म्हनत हुत्या. मी नाव घ्याय नगं हुतं, मी नाव घ्याय नगं हुतं."

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, पहिली चौकट, पत्रक, बोट, पाटी. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी लिवलं?"

"हो."

"आन् आत्यांनी इचारलं तवा?"

"असेल म्हणाले."

ती रडली नाही. लिंबाखाली माणसं बसली होती, तिकडे तिने हात केला. "मला नगा सांगू. तितं जाऊन सांगा."

मी गेले. तुझा दीर टोपी काढून बसला होता. मी उभी राहून सांगितलं. पुस्तकातली बाई आहे मी, चारचौघांत मला बोलता येत नाही, वाक्यं मागेपुढे झाली. संपल्यावर तो म्हणाला, "वैनीला सांगितलं हुतंसा ह्ये?"

"नाही."

"मग आमाला सांगून काय करू आमी?"

त्याने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. माझ्या बोलण्यामुळे की स्वतःच्या देवळासमोरच्या बोलण्यामुळे, ते मी विचारू शकत नव्हते. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बाईंना फाट्यावर सोडा कुनीतरी. शेवटची एसटी जाईल." तुझ्याच घरचा एक जण मला गाडीवर बसवून सोडायला आला. वाटेत खड्डा आला की तो म्हणायचा, "धरून बसा बाई." मला ते सहन होत नव्हतं.

बुधवारी मी मिरजेला गेले. रफीकभाईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चित्रपट उघडला आणि पहिल्या चौकटीवर थांबले. म्हणाले, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या हातानं बसवलं हे." मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं. ते म्हणाले, "एकदाच विचारलं."

मी सुनीताला फोन करून विचारलं, यंदा महोत्सवात आक्कांचा चित्रपट दाखवायचा की नाही, तुम्ही म्हणाल तसं. ती म्हणाली, "दावा. आवाज हाय त्यांचा. पन मी पुढं बसनार, आन् वर काय लिवलंय ते आधी मला दावायचं."

कालच तिला दाखवलं. तिने हळूहळू, एकेक अक्षर लावून वाचलं आणि मान हलवली.

तुझं कुजबुजणं ऐकायला मी तो चित्रपट पुन्हा पुन्हा लावते. तू माझ्याशी कधी कडू बोलली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानावेत असं वाटतं, पण तुला सगळं माहीत असतं तर बोलली असतीस, आणि ते ऐकून घेण्याचं मी टाळलं. तुझी माफी मी मागत नाही. ती द्यायला तू नाहीस, आणि होतीस तेव्हा मी मागितली नाही.

शाल माझ्या कपाटात आहे. सुनीताने ती घेतली नाही. पाटीवर बा आणि य आहे. तुझा चार्जर खिडकीजवळच्या प्लगला आहे. माळावर यंदा अजून कुणाला लांडगी दिसलेली नाही. चित्रपट अकरा मिनिटांचा आहे. पहिल्या चौकटीवर आता फक्त तुझं नाव आहे.